पापणी उचलणारी गोळी पोटात मुरडा का आणते? ॲसिटिलकोलीन आणि त्याच्या रिसेप्टरांविषयी

प्रश्नकर्ती

माझ्या आईला काही महिन्यांपूर्वी मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचे निदान झाले. सकाळी उठल्यावर तिचे दोन्ही डोळे व्यवस्थित उघडे असतात. दुपार कलली की डावी पापणी हळूहळू खाली येऊ लागते आणि संध्याकाळी वाचायला बसली की बोटाने पापणी वर धरून तिला ओळ पुरी करावी लागते. डॉक्टरांनी पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. गोळी घेतल्यावर साधारण पाऊण तासात पापणी वर येते, हे मी समोर बसून अनेकदा पाहिले आहे. परंतु त्याच सुमारास तिच्या पोटात मुरडा येतो, तोंडाला पाणी सुटते आणि अंगाला घामही येतो.

स्नायूंवरचे ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर कमी झाले आहेत आणि ही गोळी ॲसिटिलकोलीन टिकवून धरते, एवढे डॉक्टरांनी सांगितले. त्यावर मी थोडे वाचन केले, पण त्याने गोंधळ वाढलाच. एके ठिकाणी लिहिले होते की ॲसिटिलकोलीनमुळे स्नायू आकुंचन पावतात, दुसऱ्या ठिकाणी लिहिले होते की त्याच्यामुळे हृदयाची गती मंदावते. हृदय हाही स्नायूच आहे. मग एकच पदार्थ एका स्नायूला कामाला लावतो आणि दुसऱ्याला आवरतो, हे कसे? आजार जर ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरांचा असेल, तर तो आईच्या हृदयात किंवा आतड्यात का जाणवत नाही? आणि गोळीचा परिणाम मात्र सगळीकडे का जाणवतो? विज्ञान शाखेची पदवी घेतली असली तरी जीवशास्त्राशी संबंध सुटून बरीच वर्षे झाली आहेत, हे लक्षात घेऊन कोणी सविस्तर समजावून सांगितले तर आभारी राहीन.

उत्तर: शरीरक्रियाविज्ञानाचे शिक्षक

आपण विचारलेले तीनही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून उत्तर सलगच देतो.

ॲसिटिलकोलीन हा अगदी लहान रेणू आहे. कोलीनला ॲसिटिल गट जोडला की तो तयार होतो. 'आकुंचन पाव' किंवा 'मंद हो' असा कोणताही आदेश त्या रेणूत लिहिलेला नसतो. तो ज्या प्रथिनावर जाऊन बसतो ते प्रथिन, म्हणजेच रिसेप्टर, पुढे काय घडायचे ते ठरवते. शरीरात या एकाच रेणूसाठी रिसेप्टरांची दोन घराणी आहेत आणि त्यांच्या रचनेत एकमेकांशी कसलेही नाते नाही. हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून हे ओळखले होते. ॲसिटिलकोलीनचे काही परिणाम विषारी अळंबीतील मस्कॅरिनसारखे दिसत आणि ॲट्रोपिन दिले की ते थांबत. उरलेले परिणाम तंबाखूतील निकोटिनसारखे असत आणि त्यांना ॲट्रोपिनने काहीच फरक पडत नसे. रिसेप्टर हे प्रथिन असते, हे त्या काळी कोणी दाखवलेलेही नव्हते, तरी त्या वर्गीकरणातील नावे आजही टिकून आहेत: निकोटिनिक रिसेप्टर आणि मस्कॅरिनिक रिसेप्टर.

आता आईंची पापणी वर उचलणाऱ्या स्नायूकडे वळू. या स्नायूला मिळणारा चेतातंतू त्याच्यापाशी येऊन थांबतो. दोघांमध्ये सुमारे ५० नॅनोमीटर रुंदीची फट असते. तंतूच्या टोकात सूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्याशा पिशव्या, साठवलेल्या असतात आणि प्रत्येक पुटिकेत ॲसिटिलकोलीनचे पाच ते दहा हजार रेणू असतात. विद्युतसंदेश टोकापर्यंत पोहोचला की तेथील कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरते, पुटिका पटलाला, म्हणजे पेशीच्या आवरणाला, चिकटून फुटतात आणि त्यांतील रेणू फटीत सांडतात. हे सांडणे थेंबाथेंबाने न होता पुटिकेगणिक, म्हणजे ठरावीक मापाने होते, असे बर्नार्ड काट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात दाखवले. चेतातंतू पूर्ण शांत असतानाही स्नायूच्या त्या जागी अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे बारीक बारीक विद्युतबदल अधूनमधून उमटतात, असे त्यांना आढळले होते. तो एकेका पुटिकेचा ठसा होता.

फटीच्या पलीकडे, स्नायूच्या पटलावर निकोटिनिक रिसेप्टर दाटीवाटीने बसलेले असतात. एका चौरस मायक्रोमीटरमध्ये त्यांची संख्या सुमारे दहा हजार असते. प्रत्येक रिसेप्टर पाच उपघटकांचा असून ते फुलाच्या पाकळ्यांसारखे वर्तुळात उभे असतात आणि मधोमध एक बंद मार्गिका असते. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू त्यांच्या ठरलेल्या दोन खाचांत बसले की पाकळ्या किंचित वळतात आणि मार्गिका उघडते. साधारण एक मिलिसेकंद ती उघडी राहते आणि तेवढ्यात हजारो सोडियम आयन आत घुसतात. त्यामुळे स्नायूच्या पटलावरील विद्युतदाब बदलतो, तो ठरावीक पातळीपलीकडे गेला की संदेश स्नायूभर धावतो आणि स्नायू आकुंचन पावतो. म्हणजे निकोटिनिक रिसेप्टर स्वतःच दार आहे आणि ॲसिटिलकोलीन त्याची किल्ली आहे. मध्ये दुसरा कोणी नाही, म्हणूनच हे काम इतके झटपट होते.

दार उघडण्याइतकेच ते वेळेवर बंद होणे महत्त्वाचे असते. फटीत ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे विकर पेरलेले असते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. सुटलेला बराचसा साठा तर रिसेप्टरपर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. तुटून उरलेले कोलीन चेतातंतूचे टोक पुन्हा आत ओढून घेते आणि त्यापासून नवे ॲसिटिलकोलीन बनवते. पायरिडोस्टिग्मिनची गोळी नेमके या विकराला अडवते. आईंच्या शरीरात त्यामुळे जास्त ॲसिटिलकोलीन तयार होत नाही. जे सुटते ते जरा जास्त वेळ फटीत रेंगाळते आणि उरलेल्या मोजक्या रिसेप्टरांना पुन्हा पुन्हा भेटते.

हृदयाचे प्रकरण वेगळे आहे. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, कारण त्यात सगळे डोळ्यांसमोर घडते. बेडकाची दोन हृदये क्षारद्रावणात धडधडत ठेवली. एकाला व्हेगस चेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी चेता) जोडलेली होती, दुसऱ्याची काढून टाकलेली होती. पहिल्या हृदयाच्या व्हेगसला विद्युतउत्तेजन दिल्यावर त्याचे ठोके मंदावले. नंतर त्या हृदयाभोवतीचे द्रावण उचलून दुसऱ्या हृदयात सोडले, तर ज्याला चेताच नव्हती ते हृदयही मंदावले. चेतेने द्रावणात काहीतरी रसायन सोडले होते, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. हे रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९३६ मध्ये लोवी व डेल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हृदयाच्या गतिनियंत्रक पेशींवर असतो तो मस्कॅरिनिक रिसेप्टर, त्याच्या पाच उपप्रकारांपैकी 'एम-२'. याच्यात मार्गिकाच नसते. तो पटलात सात वेळा आतबाहेर विणलेला एक लांब धागा आहे. ॲसिटिलकोलीन बाहेरून बसले की त्याचा आतला भाग वाकतो आणि तेथे टेकलेल्या जी-प्रथिनाला, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनाला, मोकळे करतो. त्या जी-प्रथिनाचा एक तुकडा पटलाच्या कडेने सरकत शेजारच्या पोटॅशियम वाहिनीपाशी जातो आणि ती उघडतो. पोटॅशियम बाहेर पडते, पेशीचा आतला भाग अधिक ऋण होतो आणि पुढचा ठोका सुरू होण्याच्या पातळीपर्यंत पोहोचायला तिला जास्त वेळ लागतो. पापणीच्या स्नायूत सोडियम आत आले, हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर गेले. रेणू तोच, परिणाम उलट. रिसेप्टर आणि वाहिनी यांच्यामध्ये हा मध्यस्थ असल्यामुळे येथील क्रिया मिलिसेकंदांत उरकत नाही, ती सावकाश चढते आणि सावकाश ओसरते.

आतड्याचे स्नायू, लाळग्रंथी, श्वासनलिका आणि मूत्राशय यांच्यावर प्रामुख्याने 'एम-३' हा उपप्रकार परिणाम घडवतो. त्याचा मध्यस्थ आणखी वेगळ्या जातीचा असून तो पेशीच्या पोटातील साठ्यातून कॅल्शियम मोकळे करतो. म्हणून आतडे आकुंचन पावते आणि ग्रंथी स्रवू लागते.

आता आजार. मायस्थेनियाच्या बहुसंख्य रुग्णांत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्नायूंवरील निकोटिनिक रिसेप्टरांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रिसेप्टरांना जोडीजोडीने बांधून पेशीच्या आत ओढून न्यायला लावतात, पटलाची मोडतोड घडवतात आणि काही वेळा खाचच अडवून बसतात. मस्कॅरिनिक रिसेप्टरांचा आकार पूर्णपणे वेगळा असल्यामुळे या प्रतिपिंडांना ते ओळखताच येत नाहीत, म्हणून हृदय आणि आतडे शाबूत राहतात. गोळी मात्र रिसेप्टरला हात लावत नाही. ती त्याच्या अलीकडे, विकरावर काम करते आणि ते विकर जेथे जेथे ॲसिटिलकोलीन सुटते तेथे तेथे असते. आजाराला रिसेप्टरांतला फरक कळतो, गोळीला कळत नाही. आईंच्या पोटातील मुरडा आणि तोंडाला सुटणारे पाणी याचे कारण एवढेच आहे.

पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड का, हेही यातूनच समजते. चेतातंतू लागोपाठ संदेश पाठवत राहिला की दर खेपेला सुटणाऱ्या पुटिकांची संख्या थोडी थोडी घटते. निरोगी माणसात रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे ही घट कळतही नाही. रिसेप्टर विरळ झालेल्या स्नायूत मात्र ही राखीव शिल्लक संपलेली असते. मग एकेक स्नायूतंतू प्रतिसाद देणे सोडून देतो. चेताविकारतज्ज्ञ सेकंदाला दोनतीन वेळा चेतेला उत्तेजन देऊन स्नायूच्या प्रतिसादाची उंची मोजतात, आणि पहिल्या काही प्रतिसादांतच ती दहा टक्क्यांहून अधिक उतरली तर निदानाला बळकटी येते. पापणी उचलणाऱ्या स्नायूला आपण जागे असेपर्यंत जवळजवळ विश्रांतीच नसते, हेही ध्यानात घ्या.

उत्तर: भूलतज्ज्ञ

वरील उत्तर उत्तम आहे. मी माझ्या कामातला एक अनुभव जोडतो, कारण आईंच्या बाबतीत जे आजारामुळे घडते ते आम्ही शस्त्रक्रियागृहात औषधाने, काही काळापुरते, मुद्दाम घडवून आणतो.

पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू पूर्ण सैल लागतात. त्यासाठी आम्ही रोक्युरोनियमसारखे औषध देतो. ते निकोटिनिक रिसेप्टरच्या खाचेत जाऊन बसते, पण दार उघडत नाही. ॲसिटिलकोलीनला बसायला जागाच उरत नाही. दक्षिण अमेरिकेतील शिकारी बाणांच्या टोकांना जे क्युरारे लावत, त्याचे कामही असेच होते. क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्युरारे दिलेल्या बेडकावर प्रयोग केले, तेव्हा चेतेला विद्युतउत्तेजन देऊन स्नायू हलत नव्हता, परंतु स्नायूला थेट उत्तेजन दिले की तो आकुंचन पावत होता. बिघाड चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरच आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

शस्त्रक्रिया संपली की निओस्टिग्मिन देण्याची पद्धत आहे. ते आईंच्या गोळीचे सख्खे भावंड आहे. विकर अडले की ॲसिटिलकोलीन साचते आणि रोक्युरोनियमला खाचेतून बाजूला सारते. आता आपला प्रश्न येथे अगदी उघडपणे समोर येतो: निओस्टिग्मिन एकटेच दिले तर रुग्णाचे स्नायू सुधारतील, पण हृदयाचे ठोके धोकादायक इतके मंदावू शकतात, कारण हृदयातही ॲसिटिलकोलीन साचते. म्हणून आम्ही त्याच्याबरोबर ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन देतो, जे फक्त मस्कॅरिनिक रिसेप्टर झाकतात. स्नायूंकडचे दार उघडे राहते आणि हृदयाकडचे बंद होते. मी औषध टोचल्यावर मॉनिटरवर ठोक्यांकडे पाहत उभा असतो. प्रमाण बरोबर असेल तर आकडा फारसा हलत नाही आणि इकडे रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो. इतक्या वर्षांनंतरही ते पाहताना मला या दोन घराण्यांच्या वेगळेपणाबद्दल कृतज्ञता वाटते. मायस्थेनियाच्या काही रुग्णांना पोटाचा त्रास फार झाल्यास डॉक्टर याच तत्त्वावर जोडीला मस्कॅरिनिक रिसेप्टर झाकणारे औषध देतात, तेव्हा आईंच्या डॉक्टरांशी हा विषय अवश्य काढा. काहींना गोळी थोड्या खाण्याबरोबर घेतल्यानेही आराम पडतो.

एक गोष्ट जपून ठेवा. आईंना कधीही कोणतीही शस्त्रक्रिया करावी लागली, अगदी किरकोळ वाटली तरी, भूलतज्ज्ञाला हा आजार आधी सांगा. रिसेप्टर आधीच कमी असल्यामुळे रोक्युरोनियमच्या थोड्याशा मात्रेनेही अशा रुग्णांचे स्नायू खूप काळ सैल राहतात. काही प्रतिजैविके, विशेषतः जेंटामायसिनच्या गटातील, आणि शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम हीदेखील या सांध्यावरचे संदेशवहन दुबळे करतात; मॅग्नेशियम कॅल्शियमला चेतातंतूच्या टोकात शिरू देत नाही आणि त्यामुळे पुटिका कमी सुटतात.

प्रश्नकर्ती

आपण दोघांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आईला वाचून दाखवले. तिने दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की, एका गोळीने पापणी एवढी वर येते, तर दोन गोळ्या घेतल्यास दिवसभर वर राहणार नाही का? दुसरी अशी की, विकर अडवण्यापेक्षा ॲसिटिलकोलीनच थेट टोचून का देत नाहीत? माझी स्वतःचीही एक शंका आहे. घाम येणे हे अनुकंपी चेतासंस्थेचे काम आहे आणि अनुकंपी चेता नॉरॲड्रेनॅलिन सोडतात, असे शाळेपासून वाचत आले आहे. मग ॲसिटिलकोलीन वाढल्यावर घाम का यावा?

उत्तर: औषधशास्त्राच्या अभ्यासक

तिन्ही प्रश्न मर्मावर बोट ठेवणारे आहेत. घामापासून सुरुवात करते, कारण ते लवकर सांगून होते. अनुकंपी चेता नॉरॲड्रेनॅलिन सोडतात हा नियम बहुतेक ठिकाणी खरा आहे, परंतु शरीर थंड ठेवण्यासाठी घाम गाळणाऱ्या ग्रंथी या नियमाला अपवाद आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या चेता रचनेने अनुकंपी असूनही ॲसिटिलकोलीन सोडतात आणि ग्रंथीवर मस्कॅरिनिक रिसेप्टर असतात. धोतऱ्याची विषबाधा झालेल्या माणसाची त्वचा तापलेली आणि कोरडी ठणठणीत असते, त्याचे हेच कारण आहे. धोतऱ्यात ॲट्रोपिन असते आणि ते घामग्रंथींनाही गप्प करते. याखेरीज, अनुकंपी असो वा परानुकंपी, मेंदू व मेरुरज्जूतून निघालेली चेता वाटेतल्या गंडिकेत (चेतापेशींच्या गाठीत) पुढच्या चेतेला संदेश देते तो ॲसिटिलकोलीननेच, आणि तेथील रिसेप्टर निकोटिनिक असतात, जरी त्यांचे उपघटक स्नायूंतल्यापेक्षा वेगळे असले तरी. हे उपघटक वेगळे असल्यामुळे आईंची प्रतिपिंडे गंडिकांना सहसा त्रास देत नाहीत.

ॲसिटिलकोलीन थेट टोचता येईल, पण उपयोग होणार नाही. रक्तात त्याला तोडणारे आणखी एक विकर, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज, मुबलक असते, त्यामुळे ते काही क्षणांत संपते. आणि त्या क्षणांतही ते पापणीच्या आधी हृदयावर व रक्तवाहिन्यांवर पडते. डोळ्याच्या काही शस्त्रक्रियांत ते डोळ्याच्या आत थेट सोडून बाहुली चटकन लहान केली जाते, कारण तेथे काम काही मिनिटांचेच असते आणि औषध जागच्या जागी राहते.

रक्तवाहिन्यांचा उल्लेख केलाच आहे, तर एक वेगळी हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिरेतून दिलेले ॲसिटिलकोलीन रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब उतरवते, हे पूर्वीपासून माहीत होते. मात्र प्रयोगशाळेत धमनीची पट्टी कापून तिच्यावर ॲसिटिलकोलीन टाकले तर ती कित्येकदा उलट आवळली जात असे. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये कारण दाखवून दिले: पट्टी कापताना तिचा आतला पृष्ठभाग खरवडला गेला असेल तर ती सैल होत नाही, आतल्या पेशींचा नाजूक थर जपला तर होते. मस्कॅरिनिक रिसेप्टर त्या आतल्या थरावर असतो, तो थर स्नायूला एक वायू पाठवतो आणि सैल पडायला सांगतो. तो वायू नायट्रिक ऑक्साइड आहे. थर नसेल तर ॲसिटिलकोलीन स्नायूवरच्या रिसेप्टरांवर थेट बसते आणि स्नायू आवळतो. एकाच धमनीच्या भिंतीत, एकाच घराण्यातील रिसेप्टर कोणत्या पेशीवर आहे एवढ्यावरून परिणाम उलटतो. आपण हृदयाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. फर्चगॉट यांना या कामासाठी १९९८ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता दोन गोळ्यांचा प्रश्न, जो सर्वांत महत्त्वाचा आहे. कृपया आईंनी स्वतःच्या मनाने मात्रा वाढवू नये. निकोटिनिक रिसेप्टर हे ॲसिटिलकोलीन येऊन जाण्यासाठी घडलेले आहे. रेणू खाचेतून हलेच ना, तर काही काळाने रिसेप्टर रेणू बसलेला असतानाही बंद होतो आणि उघडण्यास नकार देतो. याला असंवेदन म्हणतात. शिवाय पटलावरील विद्युतदाब सतत ढळलेला राहिला तर शेजारच्या सोडियम वाहिन्याही पुन्हा सज्ज होत नाहीत. परिणाम असा की, ॲसिटिलकोलीन कमी पडल्याने जसा स्नायू दुबळा होतो, तसाच ते अति झाल्यानेही होतो. कीटकनाशकांतील सेंद्रिय फॉस्फरस संयुगे याच विकराला जवळजवळ कायमची चिकटतात. अशा विषबाधेत लाळ, घाम, अश्रू आणि श्वासनलिकांतील स्राव यांचा पूर येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर लुळे पडतात. ॲट्रोपिन स्राव थांबवते, पण लुळ्या स्नायूंना उठवू शकत नाही, कारण स्नायूंवरचे रिसेप्टर दुसऱ्या घराण्यातले आहेत. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिमसारखे औषध द्यावे लागते, जे विकराला चिकटलेले विष वेळेत ओढून काढते. पायरिडोस्टिग्मिन विकराला काही तासच धरून ठेवते, म्हणून ते औषध ठरते. तरीही फार जास्त मात्रेने त्याच दिशेची लक्षणे दिसू शकतात. आईंचा अशक्तपणा अचानक वाढला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर तो आजार वाढल्यामुळे आहे की औषध अति झाल्यामुळे, हे घरी ओळखता येत नाही. अशा वेळी एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

उत्तर: शरीरक्रियाविज्ञानाचे शिक्षक

औषधशास्त्राच्या अभ्यासकांनी विकराचा विषय काढला, म्हणून एक दुवा जोडतो, जो आईंना आवडेल असे वाटते. लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरचे काम पुढे नेताना १९२६ मध्ये सहकाऱ्यासह दाखवले की, फायसोस्टिग्मिन हे एका विषारी शेंगेतून मिळणारे द्रव्य व्हेगसच्या रसायनाचे विघटन थांबवते. आठ वर्षांनी, १९३४ मध्ये, इंग्लंडमधील मेरी वॉकर या डॉक्टरांच्या लक्षात आले की मायस्थेनियाच्या रुग्णाची अवस्था क्युरारेची बाधा झालेल्या माणसासारखी दिसते आणि क्युरारेवर फायसोस्टिग्मिन हा काही अंशी उतारा आहे. त्यांनी ते आपल्या रुग्ण स्त्रीला टोचले आणि तिची शक्ती काही काळापुरती परत आली. या आजारात रिसेप्टर हरवतात हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते. ते कळायला १९७३ उजाडले, जेव्हा विद्युतमाशाचे शुद्ध केलेले रिसेप्टर टोचलेल्या सशांना त्यांच्याच प्रतिपिंडांमुळे मायस्थेनियासारखा लुळेपणा आला. आईंची गोळी ही त्या इंजेक्शनाचीच पुढची पिढी आहे.

घरी पाहता येण्याजोगी एक गोष्ट सुचवतो. तिचा उपचाराशी संबंध नाही, फक्त हे सारे डोळ्यांनी दिसावे म्हणून. संध्याकाळी पापणी उतरली असताना ती अलगद वर धरा आणि बाजूने मंद विजेरीचा प्रकाश बाहुलीवर टाका.

प्रश्नकर्ती

काल संध्याकाळी सात वाजता, पुढची गोळी घेण्याआधी, करून पाहिले. डावी पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत उतरली होती आणि आईला ती स्वतःहून वर नेता येत नव्हती. मी ती बोटाने उचलून धरली आणि प्रकाश टाकला, तर बाहुली क्षणार्धात लहान झाली, अगदी उजव्या डोळ्याइतकीच. प्रकाश बाजूला नेला की मोठी, परत आणला की लहान. पाचसहा वेळा केले तरी तिचा प्रतिसाद तसाच ताजा राहिला. पापणी मात्र सोडताच पुन्हा खाली आली. बाहुलीच्या स्नायूवर मस्कॅरिनिक रिसेप्टर असतात आणि पापणीच्या स्नायूवर निकोटिनिक, असे आईला समजावले, तेव्हा तिने आरसा मागून घेतला आणि एकदा स्वतः पाहिले.

उत्तर: शरीरक्रियाविज्ञानाचे शिक्षक

आपले निरीक्षण अचूक आहे. बाहुली लहान करणाऱ्या स्नायूवर मुख्यतः 'एम-३' रिसेप्टर असतात. पापणी उतरलेल्या रुग्णाच्या बाहुलीचा प्रतिसाद चेताविकारतज्ज्ञ याच कारणाने आवर्जून तपासतात: पापणीबरोबर बाहुलीही मोठी होऊन स्थिर राहिलेली दिसली, तर दोष मायस्थेनियाचा नसून डोळ्याला जाणाऱ्या तिसऱ्या मस्तिष्कचेतेवर दाब आल्याचा असू शकतो आणि त्याचा तपास तातडीने करावा लागतो. आईंची बाहुली प्रकाशाला चटकन प्रतिसाद देते, हे त्यांच्या निदानाशी पूर्णपणे जुळणारे आहे.